अकरावी फळी

१

मिस्त्रीचं डोकं माथ्यावर फुटलं होतं. कपाळावर नाही, मागेही नाही, बरोबर माथ्यावर. तिथून वाहिलेलं रक्त उंबऱ्याच्या खाचेत उतरलं होतं आणि बंद दुकानाच्या फळ्यांच्या पायांशी हळूहळू पुढे सरकत होतं. दुपारचा एक वाजून गेला होता. रस्त्यावरच्या कुणीतरी फळीखालून लाल ओघळ येताना पाहिला आणि बोंब ठोकली, पण त्याआधीच आतून मालक किंचाळला होता.

ती किंकाळी टेपबाईने मागच्या अंगणात ऐकली. टेपबाई हे नाव लोकांनीच तिला चिकटवलेलं. जुन्या इमारती मोजायच्या आणि त्यांचे नकाशे काढायचे, हा तिचा एकवीस वर्षांचा धंदा. कमरेला टेप, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. हे तराजूचं दुकान विकायचं ठरलं होतं, सोमवारी खरेदीखत होतं, आणि घेणाऱ्याला पाडण्याआधी नकाशा हवा होता. "फाशी देण्याआधी माणसाचं वजन करतात, तसं हे," असं तिने पहिल्याच दिवशी घरातल्यांना सुनावलं होतं. तिचं तोंड असंच सुटायचं, आणि ह्या वेळी ते तिला फार महागात पडणार होतं.

ती मागच्या कारखान्यातून धावत दुकानात आली. अकराच्या अकरा फळ्या लागलेल्या होत्या, फटींतून येईल तेवढाच उजेड. त्या उजेडात मालक गुडघे टेकून बसला होता आणि आपल्या कारखान्यातल्या मिस्त्रीचे खांदे धरून त्याला गदागदा हलवत होता.

"ऊठ! ऊठ म्हणतो ना! अरे, ऊठ की!"

प्रत्येक हिसक्यासरशी मिस्त्रीची मान भलत्याच बाजूला पडत होती. शेजारी एक लोखंडी वजन लोळत होतं, त्याच्या कडीला केस चिकटले होते. ते जिथे आदळलं तिथली फरशी चांगली वीतभर तडकली होती.

"सोडा त्याला, मालक. तो गेलाय."

मालक सोडेना. शेवटी टेपबाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली. ती इतकी थरथरत होती की तिला धरवेनात.

अर्ध्या तासात फौजदार आला. माणूस जाडजूड, दुपारच्या जेवणावरून उठवलेला, आणि त्याचा राग सगळ्या जगावर. त्याने प्रेताकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"आज फळ्या कुणी लावल्या?"

"मीच लावल्या," मालक म्हणाला. "ह्या दुकानाच्या फळ्या मालकाशिवाय कुणी लावत नाही. माझे वडील लावायचे, आता मी."

एवढं बोलून त्याने स्वतःच्या गळ्यात स्वतःच्या हाताने फास अडकवला.

२

तो कसा, हे समजायचं तर दुकानाची बांधणी समजली पाहिजे.

खाली पुढे दुकान, त्याच्यामागे तराजू बनवायचा कारखाना, त्यामागे अंगण. अंगणातून एक उभा जिना वर जातो, आणि वर घर. रस्त्याच्या अंगाला एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन लहान खोल्या. दुकानाला पुढून दार असं नाहीच. सगळी दर्शनी बाजू म्हणजे सागवानी फळ्या. खाली उंबऱ्यात एक खाच, वर तुळईत एक खाच. दुकानात उभं राहून फळी उचलायची, वरच्या खाचेत घालायची, खालच्या खाचेत धप्पकन सोडायची आणि डावीकडे सरकवायची. पण फळी घालायला जागा एकच, अगदी उजव्या टोकाला, कारण खाचेचा आतला काठ तेवढाच कापलेला. दहा फळ्या तिथे घालून सरकवायच्या. अकरावी तिथेच राहते. मग तिच्या पायाशी वाकून लोखंडी अडसर लावायचा आणि कारखान्यातून मागे निघून जायचं. दुकान रोज दुपारी एकला असं बंद व्हायचं आणि चारला उघडायचं.

"म्हणजे पुढून उंदीरसुद्धा आत येत नाही," फौजदार म्हणाला. "मागे कारखाना. तिथे कोण? तुम्ही. अंगणात कोण? ही बाई, भिंती मोजत बसलेली. काय हो, कुणी जाताना-येताना दिसलं?"

"कुणीही नाही," टेपबाईला सांगावंच लागलं.

"मग उरलं कोण? बोला की. फळ्या तुम्ही लावल्या म्हणता, मग हा इथे पुढे कशाला आला होता?"

मालकाने मान खाली घातली. फौजदाराने त्याच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की तो काउंटरवर जाऊन आदळला. टांगलेले तराजू खणखणत खाली आले. मालकाचा ओठ फाटला. कारखान्याच्या दारात त्याची बायको उभी होती, ती ओरडत आत घुसली. शिपायाने तिला अडवलं तर तिने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की तो कळवळून खालीच बसला.

"ह्यांनी मारलं नाही! ह्यांच्याच्यानं ते होणारच नाही!"

"गप्प बस," मालक तिच्यावर खेकसला. मार खाताना जे त्याच्या डोळ्यांत नव्हतं ते आता होतं. तो घाबरला होता.

"चारला गाडी येतेय," फौजदार म्हणाला. "हा आमच्यासोबत येईल. एकदा कोठडीत चार फटके बसले की सगळं कबूल करतो माणूस."

टेपबाईला मालकाबद्दल विशेष माया होती असं नाही. पण जखमेचा कोन तिला पटत नव्हता, आणि एखादा कोन पटला नाही की तिला अन्न गोड लागत नसे. मिस्त्री मालकापेक्षा वीतभर उंच होता. समोरून मारलं तर घाव कपाळावर बसेल, मागून मारलं तर टाळूच्या मागे. हा सरळ वरून बसला होता. तिने अकराव्या फळीला डोळे लावले. फळीच्या आतल्या अंगावर, छातीच्या उंचीपासून खाली, एक ताजा ओरखडा होता. तिने ओळंबा धरून पाहिला. ओरखडा दोरीशी जुळला, केसभरही तिरका नव्हता. माणसाचा हात असा सरळ ओरखडा काढत नाही.

तिने मान वर केली. चौदा फुटांवर, दोन तुळयांच्या मधोमध, बरोबर त्या जागेवर, एक हातभर लांबीरुंदीची चौकोनी झडप होती. पन्नास वर्षं खिळे ठोकून बंद असलेली ती झडप परवा टेपबाईनेच उघडली होती.

३

पूर्वी दुकानासमोर गाड्या थांबायच्या आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, लाद्या त्या झडपेतून कप्पीने वर चढवायच्या. म्हणून तर ती अगदी पुढे, फळ्यांच्या टोकाशी काढलेली. माल वर ठेवणं बंद झालं, कप्पी गेली, झडपेवर सतरंजी आली. परवा टेपबाईला जमिनीची जाडी मोजायची होती, म्हणून तिने खिळे उपटले आणि झडपेतून ओळंबा खाली सोडला. वरची तिन्ही माणसं भोवती जमली होती, मालकाची बायको, मालकाची थोरली बहीण आणि पुढच्या खोलीचा अर्धा भाग भाड्याने घेतलेला शिंपी. तेव्हा टेपबाई मोठ्या कौतुकाने म्हणाली होती, "बघा, काय बांधलंय! शेवटची फळी लावणाऱ्याच्या डोक्यावर बरोब्बर लोंबतोय."

आता ते वाक्य तिला आठवलं. खुनाची जागा तिने स्वतः, ओळंबा लावून, दाखवून ठेवली होती.

ती जिना चढून वर गेली. सतरंजी जागच्या जागी होती, झडप बंद होती. तिने नकाशाची वही उघडली. ह्या घरात वरच्या प्रत्येक दाराला एकेक जुनं वजन टेकू म्हणून लावलेलं असे. शेराची मापं बंद झाली तेव्हा विकायची राहिलेली ती वजनं. टेपबाई खोलीतल्या हलणाऱ्या वस्तूसुद्धा नकाशात टिपते, तिला लोक त्यावरून हसतात. नकाशात, जिन्याच्या दारासकट, पाच दारांशी वजनांच्या खुणेचे पाच गोल होते. आता वजनं चारच होती. पुढच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि खाली मिस्त्रीच्या रक्तात पडलेलं वजन पाच शेरांचं, जुन्या मापाचंच होतं. असलं वजन दुकानात विकायला ठेवायची बंदी होती, खाली एकही नव्हतं.

म्हणजे वरून टाकलं. पण वरच्या कुणाला मिस्त्रीला मारायचं होतं? चाळीस वर्षं त्या घराचं खाल्लेला, सगळ्यांच्या खुर्च्या-कात्र्या-कुलपं दुरुस्त करणारा माणूस तो. त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. हे फौजदाराला सांगितलं तर तो तोंडावर हसणार, आणि हसण्यासारखंच होतं ते.

घड्याळात अडीच वाजले होते.

४

मालकाची बहीण मागच्या खोलीत खिडकीपाशी ताठ बसली होती. तिला सगळे आक्का म्हणत. लग्न झालेलं नाही, जन्म ह्याच घरात, वय साठीच्या पुढे. मुलींनी दुकानात पाऊल टाकायचं नाही अशी वडिलांची शिस्त होती. वडील गेले तोवर तिचे गुडघे गेले, जिना उतरवेना. त्यामुळे खालचं दुकान तिला ठाऊक होतं ते कानांनी.

"तुम्ही कुठे होता, आक्का?"

"इथेच. पातळ बदलत होते."

"काही ऐकलंत?"

"रोज ऐकते तेच. अकरा ठोके." तिने मांडीवर बोटांनी वाजवून दाखवलं. "दोन लागोपाठ, मग दम. पुन्हा दोन, पुन्हा दम. वडील असेच लावायचे, हाही तसाच लावतो. डोळे मिटून सांगेन, धाकट्याचा ठोका कुठला ते. मग काहीतरी पडलं. मग तो ओरडला." तिने खुर्चीच्या पायाकडे बोट दाखवलं. "ह्या खुर्चीचा पाय मिस्त्रीनं बसवलाय. ह्या घरात माझ्याशी नीट बोलणारा तो एकटा होता."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कोरडे होते आणि लाल होते.

"सोमवारनंतर तुम्ही कुठे जाणार?"

"धाकट्यानं बघितलीय कुठेतरी एक खोली. चौथ्या मजल्यावर." हे ती अशा आवाजात म्हणाली की टेपबाईने पुढे विचारलं नाही.

शिंपी पुढच्या खोलीत आपल्या कापायच्या टेबलाला धरून उभा होता. त्याची पाचावर धारण बसली होती.

"मी घरात नव्हतोच हो बाई! बटणं आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा मिस्त्री दहावी फळी सरकवत होता, मला बघून त्यानं डोळासुद्धा मारला. मी बाजूच्या बोळातून मागे अंगणाकडे येतोय तोवर किंकाळी."

"कोण सरकवत होता?"

"मिस्त्री."

"मालक नाही?"

शिंप्याने जीभ चावली. "हल्ली तोच लावायचा. पंधरा दिवस झाले. मला म्हणाला होता, वर बोलू नका. आणि काल दोघांचं भांडणही झालं. मिस्त्री म्हणत होता, 'आक्कांना सांगा, नाहीतर मी सांगतो.' मालक एवढा भडकला की हातोडी फेकली त्यानं. कशावरून ते ठाऊक नाही. फौजदारसाहेबांना मी हे सांगितलंय, भांडणाचं."

"म्हणजे मालकाची मान आणखी अडकली. शाब्बास."

"मी काय करू? मला मारत होते ते!" शिंप्याचा आवाज चिरका झाला. "आणि माझ्याकडे असं बघू नका. घर विकलं की मी रस्त्यावर येणार, खरं आहे. मालक मेला असता तर मी पेढे वाटले असते, तेही खरं आहे. पण मिस्त्रीला मारून माझं काय भलं होणार होतं?"

टेपबाईने ते शब्द मनातल्या मनात पुन्हा उच्चारले. मालक मेला असता तर!

सोमवारी सही मालकाची होती. फळ्या लावणारा मालकच असतो, पिढ्यान्‌पिढ्या. शेवटची फळी लागली की दुकानात काळोख होतो, वरून दिसणार ते वाकलेलं एक काळं डोकं. मारणाऱ्याने मिस्त्रीला मारलंच नव्हतं. त्याने मालकाला मारलं होतं, आणि मेला मिस्त्री.

५

मालकाची बायको स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. चावताना तिचाच ओठ कापला होता आणि हनुवटीवर रक्त सुकलं होतं.

"त्यांनी फळ्या लावल्या नाहीत," टेपबाई म्हणाली. "तुम्हाला ते माहीत आहे. ते खोटं का बोलतायत?"

"मला बोलायचं नाही. त्यांनी शपथ घातलीय."

"चारला नेतील त्यांना. शपथ घेऊन बसा मग रिकाम्या घरात."

ती हुंदके देऊन रडू लागली. "महिना झाला, त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते. घास तोंडापर्यंत जात नाही, सांडतो. फळी कसली उचलतायत ते! हे काम मिस्त्री करायचा, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण लोकांना कळू द्यायचं नाही, आणि वन्संना तर मुळीच नाही. तराजू जुळवणाऱ्याचा हात थरथरतो म्हटल्यावर काय राहिलं त्यांच्यात, असं म्हणतात ते."

टेपबाईने डोळे मिटले. परवा दुकानात टेपचं दुसरं टोक मालकाने धरलं होतं आणि टेप सारखी हलत होती. तिने वाऱ्याला दोष दिला होता. बंद दुकानात कुठला आलाय वारा! एकवीस वर्षं मोजमाप करणाऱ्या बाईने बघायची ती गोष्ट बघितली नव्हती.

ती खाली आली तेव्हा मालकाच्या हातात बेड्या होत्या.

"त्या काढा," ती फौजदाराला म्हणाली. "आणि त्यांना एक फळी लावून दाखवायला सांगा."

"बाई, तुम्ही मला माझं काम शिकवणार?"

"एक फळी. लावली त्यांनी तर मी स्वतः गाडीपर्यंत पोचवते त्यांना."

फौजदाराने चिडूनच बेड्या काढल्या आणि अकरावी फळी उपसून मालकापुढे उभी केली. मालकाने टेपबाईकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला भर बाजारात उघडं केलं होतं. मग त्याने फळी उचलली. ती वरच्या खाचेवर खडखडत राहिली, आत जाईना. त्याने दात आवळले. फळी सुटली, त्याच्या पायावर आदळली आणि बोट ठेचलं. तो ओरडला नाही. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने तीच फळी दोन्ही हातांनी धरून तिच्यावर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, रक्त येईपर्यंत, तेव्हा शिपायाने त्याला मागे ओढलं.

"ह्या हातानं पाच शेराचं वजन उचलून नेमकं माथ्यावर घातलं म्हणता?" टेपबाई म्हणाली, आणि ओरखडा, झडप, नकाशातले पाच गोल, सगळं सांगितलं. फौजदार मान वर करून झडपेकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आता जेवणावरून उठवलेल्या माणसाचा नव्हता.

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत, मूर्खासारखे?" तो मालकावर गरजला.

"चार लोकांत कसं सांगणार?" मालक फरशीकडे बघत म्हणाला. "मी मागे बसून राहायचो, हात काखेत दाबून. मिस्त्री फळ्या लावायचा. त्याला मी शिकवलं होतं... ठोके कसे द्यायचे ते. दोन लागोपाठ, मग दम. माझ्यासारखे. म्हणजे वर आक्काला कळू नये."

फौजदाराची मान पुन्हा झडपेकडे वळली.

"शिंप्याला मिस्त्री लावतो हे माहीत होतं," टेपबाई हळू आवाजात म्हणाली. "ह्यांच्या बायकोलाही माहीत होतं. वर बसलेला एकच माणूस असा होता, ज्याला खात्री होती की अकराव्या फळीशी मालकच वाकलाय."

मालकाला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग तो ओरडत जिन्याकडे धावला, आणि दोन शिपायांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

६

टेपबाई पुढे गेली. फौजदार मागे होता, पण त्या उभ्या जिन्यावर त्याचा जीव मेटाकुटीला आला.

आक्का आपल्या खोलीच्या दारात उभी होती. खालचं बोलणं झडपेतून वर येतंच. किती ऐकू आलं होतं कोण जाणे, पण तिच्या हातात दाराचं वजन होतं.

"आक्का, ते खाली ठेवा."

"तूच दाखवलंस," आक्का म्हणाली. "दोरी सोडून दाखवलंस. त्याआधी माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"माहीत आहे मला."

"ह्या घराबाहेर मी कुठे राहिले नाही. एक रात्र नाही. आणि त्यानं मला विचारलंसुद्धा नाही गं. एक दिवस तू आलीस टेप घेऊन, तेव्हा मला कळलं की घर विकलंय." ती बोलता बोलता पुढे आली आणि तिने वजन फिरवलं.

आयुष्यभर पाणी आणि पिठाचे डबे उचललेले हात होते ते. टेपबाईने डोकं चुकवलं, पण वजन खांद्याच्या हाडावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. ती भिंतीला आपटून खाली कोसळली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आक्काने पुन्हा दोन्ही हातांनी वजन वर उचललं.

"ते ठोके मिस्त्रीचे होते!" टेपबाई ओरडली. "पंधरा दिवस फळ्या तोच लावत होता!"

वजन वरच थांबलं. "खोटं. मी ओळखते ना. धाकट्याचे होते."

"तुमच्या भावाचा हात गेलाय. थरथरतो. धंदा होत नाही, म्हणून विकतोय तो दुकान. तुम्हाला कळू नये म्हणून मिस्त्री त्याच्यासारखे ठोके द्यायला शिकला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, आक्का."

आक्काने वजन हळूच, अगदी काळजीपूर्वक, खाली ठेवलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मला वाटलं धाकट्यानं त्याला अडसर लावायला बोलावलं असेल, असं काहीतरी ती पुटपुटली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता, पोटातून काहीतरी ओढून काढल्यासारखा होता. जिना चढून आलेला फौजदारही तो ऐकून दारातच थबकला.

मालकाला शिपायांनी वर आणलं. त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग फौजदाराकडे वळला.

"लिहून घ्या. मीच मारलं त्याला. भांडण झालं होतं आमचं, शिंप्याला विचारा. आक्कानं काही केलेलं नाही."

आक्का गुडघ्यांवर हात रोवून उठली, त्याच्यापर्यंत चालत गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक.

"अजून खोटं बोलतोस? तुझ्या खोट्यापायी तो मेला रे! मला एकदा सांगितलं असतंस. एकदा वर येऊन म्हणाला असतास, आक्का, माझा हात चालत नाही, आता विकायला हवं. मी माझ्या हातानं सामान बांधलं असतं."

"लाज वाटली," मालक म्हणाला. "तू मला... तू मला फार मोठा समजतेस."

"मी तुला मारायला निघाले होते," आक्का म्हणाली. "एवढा मोठा समजत होते." आणि ती आपण होऊन फौजदारापुढे जाऊन उभी राहिली.

चारला आलेल्या गाडीतून तिला नेलं. जिना उतरायला तिला पाव तास लागला. भावाने धरायला हात पुढे केला तो तिने घेतला नाही, शिपायाचा घेतला.

खरेदीखत सोमवारी झालं नाही, पण पुढच्या महिन्यात झालं. साक्षीदार म्हणून टेपबाईला बोलावलं होतं, तिचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. कचेरी माणसांनी भरलेली होती. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि मालकाला सही करायला सांगितलं. मालकाने अंगठा शाईत बुडवला.

"लिहिता येत नाही का?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"येतं," मालक म्हणाला. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढा त्याचा आवाज होता. "हात थरथरतो माझा."

कारकुनाने तेवढं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.